गाईच्या पोटातील जंतू आणि सुबाभूळ

गाय कडबा खाते आणि दूध देते, हे आपण रोज पाहतो. पण कडब्यातला चिवट तंतू गाईला स्वतःला पचवता येत नाही. ते काम तिच्या कोटीपोटात राहणारे असंख्य सूक्ष्म जंतू करतात. ते वैरण आंबवतात. त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांवर गाय जगते, आणि त्यांतल्याच एकापासून दुधातला स्निग्धांश बनतो. आपण गाय पोसतो असे म्हणतो खरे. पण आधी पोसतो ते हे जंतू.

असे जीव कोटीपोटात असतात हे ग्रुबी आणि देलाफोन यांनी पॅरिस येथे १८४३ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिले. परंतु यांतल्या बहुतेकांना हवा सोसत नाही. म्हणून ते पोटाबाहेर वाढवता येईनात. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी १९४० नंतरच्या दशकात हवेचा स्पर्श टाळून ते वाढवण्याची रीत बसवली. मग कुठे हे शास्त्र चालू लागले.

आता सुबाभळीची गोष्ट ऐका. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या संस्थेने १९७०च्या दशकात आपल्याकडे त्याचा प्रसार केला. पाला सकस, पण त्यात मिमोसिन नावाचे विष असते. ऑस्ट्रेलियात हा पाला भरपूर खाणाऱ्या गुरांचे केस झडत, गळ्याची गाठ सुजे, वजन वाढेना. पोटातले जंतू मिमोसिन मोडत, पण त्यातून दुसरेच अपायकारक द्रव्य निघे, आणि ते मोडणारा तिथे कोणीच नव्हता!

हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट. असे का, हा प्रश्न रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडला. फरक शेळीत नसून तिच्या जंतूंत असावा, असा त्यांचा तर्क होता. हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडले, आणि विषबाधा टळली. हे यश १९८६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९२ मध्ये त्या जंतूला जोन्स यांचेच नाव मिळाले.

यातून आपण काय घ्यावे? वैरण एका रात्रीत बदलू नये. नव्या चाऱ्याला सरावायला जंतूंना दिवस लागतात. आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा. भसकन धान्य घातले तर पोटात आम्ल साचते, गाय खाणे टाकते, प्रसंगी दगावतेही. सुबाभूळही बेताने, इतर वैरणीत मिसळून द्यावी. दावणीला गाय एकच दिसते. पण तिच्या पोटात दुसरे मोठे खटले नांदत असते, आणि त्याचीही भूक सांभाळावी लागते.