कोरीव कामाची पटाशी : निवड व पारख

लाकडावर नक्षी कोरण्याचे पोलादी हत्यार. ते हाताच्या दाबाने किंवा मोगरीच्या ठोक्याने चालवतात. सुताराच्या पटाशीला एकाच बाजूने उतार असतो आणि तिचे मुख्य काम सांध्यांच्या खाचा पाडणे व साफ करणे हे असते. कोरीव कामाच्या पटाश्या बहुतांशी पन्हळीसारख्या वाकलेल्या असतात. त्यांना गोल पटाश्या म्हणतात. युरोपीय घडणीच्या सपाट कोरीव पटाशीला दोन्ही बाजूंनी उतार असतो. त्यामुळे ती एकाच दिशेने लाकडात घुसत जात नाही, वळणावर सहज फिरते.

पारख पोलादापासून सुरू करावी. धार टिकायची तर पोलादात सुमारे 1 टक्का कार्बन हवा आणि त्याला पाणी नीट दिलेले हवे. तापवून एकदम थंड केलेले पोलाद कठीण पण फार ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा साधारण 200 ते 230 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठिसूळपणा कमी करतात. चांगल्या पात्याचा कठीणपणा रॉकवेल ‘सी’ मापावर 58 ते 61 च्या आसपास असतो. पाते याहून बरेच मऊ असेल तर धार मुडपते, फार कठीण असेल तर धारेचे कपचे उडतात. दुकानात हे मोजता येत नाही, पण एक जुनी युक्ती उपयोगी पडते : धारेच्या थोडे मागे बारीक कानस हलकेच ओढून पाहावी. ती घसरली तर पाते कठीण आहे, चावली तर मऊ.

सागावर काम करणाऱ्याने या परीक्षेत मुळीच ढिलाई करू नये. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती धार झपाट्याने बोथट करते. पुण्यातील विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या घाटाचे खांब पाहताना हे ध्यानात ठेवले, तर त्या कारागिरांच्या हातांबरोबर त्यांच्या लोहारांनाही दाद द्यावीशी वाटते. सतराव्या शतकातील इंग्रज कोरक्या ग्रिन्लिंग गिबन्स याने आपली नाजूक फुले-फळे लिंडनच्या मऊ लाकडात कोरली. तशा लाकडाला 15 ते 20 अंशांचा पातळ उतार मानवतो. साग, शिसव किंवा सहारनपूरच्या कामातले शिसम कोरताना मात्र उतार 20 ते 25 अंशांचा ठेवावा, नाहीतर धार मोगरीच्या ठोक्याला टिकत नाही.

अनेक भारतीय कारागीर जुन्या कानशींतून पटाश्या घडवून घेतात. ही काटकसर तर आहेच, पण निवडही उत्तम आहे, कारण कानशीच्या पोलादात कार्बन भरपूर असतो. मोटारीच्या पाट्याच्या स्प्रिंगमध्ये तो कमी असतो. त्यापासून केलेले हत्यार चिवट होते, पण बारीक धार फार वेळ धरत नाही. कानशीचे दात घासून पूर्ण काढलेले आहेत ना, हे पाहावे. दाताची खाच राहिली तर पाते तिथूनच तडकते.

वक्रता क्रमांकाने ओळखतात. इंग्लंडमधील शेफील्डच्या यादीत 1 म्हणजे सपाट, 2 म्हणजे तिरप्या धारेची, 3 म्हणजे अगदी उथळ गोल. 9 जवळजवळ अर्धवर्तुळ होते आणि 11 म्हणजे शिरा कोरण्याची खोल, अरुंद पटाशी. स्विस यादीतले क्रमांक यांच्याशी तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय एकाच क्रमांकाच्या 6 आणि 20 मिलिमीटर रुंदीच्या पटाश्या एकाच वर्तुळाचे तुकडे नसतात. म्हणून नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. कोरायची नक्षी पूर्ण मापात कागदावर काढावी आणि पटाशीची धार त्या वळणांवर टेकवून पाहावी. अशी निवड केली की शिकाऊ माणसाला पाच-सहा हत्यारे पुरतात : उथळ गोल, मध्यम गोल, खोल शिरेची, व्ही आकाराची आणि एक-दोन सपाट. पेटीभर स्वस्त संचात निम्म्या पटाश्या कधी वापरल्याच जात नाहीत, आणि ज्या लागतात त्यांचे पोलाद हलके निघते.

घडण डोळ्यांनी तपासता येते. धारेकडून पाहिल्यास पात्याची जाडी दोन्ही कडांना सारखी असावी. पन्हळीचा आतला भाग गुळगुळीत हवा. तिथे घासल्याचे चरे असतील तर धारेवर तितके दात उमटतात, आणि आतला भाग घरी घासून काढणे अतिशय कष्टाचे असते. पाते आणि मूठ एका रेषेत असावीत. मोगरी वापरायची असेल तर मुठीला धातूची शेंबी असलेली बरी, म्हणजे मूठ चिरत नाही. षट्कोनी किंवा अष्टकोनी मूठ ओट्यावरून घरंगळत नाही.

नव्या पटाशीला बहुधा वापरापुरती धार नसते. निसण्यावर उतार लावून आणि चामड्यावर पुसून झाल्यावर मऊ लाकडात रेषेला आडवा छेद घ्यावा. छेद चकचकीत निघाला तर धार बसली. त्यात पांढरी रेघ उमटली तर धारेला तिथे खोच आहे. विजेच्या साणेवर पाते सतत पाण्यात बुडवत राहावे. सुमारे 300 अंशांना ते निळे पडते आणि त्या जागचा कठीणपणा जातो. निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय तिथे टिकाऊ धार येत नाही.