ब्रूकलँड्सची एकआसनी बेंटली

साकीनाक्याच्या गल्ल्यांतून लेथची घरघर ज्यानें ऐकली आहे, त्याला यंत्राच्या पुनर्जन्माचें नवल वाटावयाचें नाहीं. झिजलेला भाग मापून घ्यावा, नवा कातावा, जुन्या देहांत बसवावा, हा तेथला नित्याचा उद्योग. पण असें बदलतां बदलतां मूळ गाडी कोठें संपते?

सर हेन्री बर्किन यांच्या एकआसनी बेंटलीचेंच पहा. साडेचार लिटरच्या चार सिलिंडरी एंजिनाला अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्सचा सुपरचार्जर जोडलेला. एंजिनांत हवा दाबून कोंबण्याचा हा प्रकार खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलींना मुळींच रुचला नव्हता. पैसा होता डोरोथी पॅजेट या धनिक स्त्रीचा. १९३२ सालीं ब्रूकलँड्सच्या, वळणांवर भिंतीसारख्या चढत जाणाऱ्या सिमेंटी मार्गावर, हिनें ताशीं १३७.९६ मैलांचा उच्चांक केला. पुढच्याच वर्षीं बर्किन वारले.

नंतरच्या एका धन्यानें तिजवर दोघांची बॉडी चढविली. पण जुनी एकआसनी बॉडी टाकली नाहीं. शहाणा गृहस्थ! तीच पुढें सांगाड्यावर परत आली. हुबेहूब दुसरी बॉडी कुशल कारागिराला घडवितां आली असती; जिच्यांत बसून तो उच्चांक झाला ती मात्र कोणालाच घडवितां आली नसती. २०१२ सालीं लिलावांत या गाडीला ५० लाख पौंडांहून अधिक किंमत आली.