कवटीच्या आतला ताप

जमनालाल बजाज वर्ध्यात ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. वय अवघे ५२. कवटी उघडून त्यांना वाचवता आले नसते का, असे आज कुणीही विचारील. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेचा देशातला पहिला विभाग वेल्लोरला निघाला तो १९४९ साली, डॉ. जेकब चँडी यांच्या हातून.

आणि समजा, सर्जन मिळाला असता, तरी पुढचे संकट उभेच होते. कवटी उघडली की जंतूंना वाट मिळते. ते मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरले, की शिरेतून दिलेले औषध तिथवर पुरेसे पोचत नाही. रक्तातून येणाऱ्या परक्या पदार्थांवर मेंदूने कडक पहारा बसवलेला असतो. एरवी आपल्याला राखणारा हा पहारा इथे औषधालाच अडवतो.

त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी मेंदुज्वराच्या एका रुग्णाला थेट पाठीच्या कण्यातून पेनिसिलिन टोचले. माणूस मरणाच्या दारातून परतला. पुढच्याच वर्षी उत्तर आफ्रिकेत ह्यू केर्न्स यांनी डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर हे औषध वापरले.

हेच दुर्मिळ पेनिसिलिन फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांसाठी आणवले होते. अखेरच्या घटकेला सुयांचा त्रास नको, असे गांधीजींचे मत पडले. २२ तारखेला बा गेल्या. तिथे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनीच पुढे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय उभारले आणि १९६९ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड दिली.

आता जिल्ह्यातच, सावंगीला, मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात. जंतू मात्र निगरगट्ट झाले आहेत. साधी औषधे हरली की डॉक्टर मेंदूतल्या पोकळीत नळीवाटे औषध सोडतात, म्हणजे फ्लेमिंगचीच जुनी युक्ती.

अडचण येते ती घरी. आर्वी-आष्टीकडे परतलेल्या रुग्णाला ताप चढला की हिवताप म्हणून गोळी दिली जाते. नाकातून पाणी गळले तर सर्दी. मान आखडली तर उशी उंच होती! शस्त्रक्रियेनंतर यातले काहीही दिसले, तर त्याच दिवशी सर्जनकडे परतावे. तिथे बहुधा पाठीतून पाणी काढतात. त्याने माणूस लुळा पडतो, ही आपल्याकडची भीती खोटी आहे. ते पाणी तपासल्याशिवाय आत कुठला जंतू आहे, हे डॉक्टरांना कळणार कसे?