क्षयजंतूंचे फ्लुरोसंट अभिरंजन : रंजक, दिवा आणि तालुक्याची प्रयोगशाळा

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव चिंतामणीच्या मंदिरामुळे विदर्भात परिचित आहे. अशा गावी खोकल्याने बेजार झालेला शेतमजूर थुंकीचा नमुना देतो, तेव्हा त्याचे निदान एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रंगउद्योगाच्या रंजकांवर अवलंबून असू शकते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रस्तुत निबंधात ऑरामिन या पिवळ्या रंजकाचा मागोवा घेतला असून, त्याच्या साहाय्याने होणारी तपासणी ग्रामीण भागात पोहोचण्यास एवढा विलंब का लागला, याचा विचार केला आहे.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयजंतूंचा शोध जाहीर केला. या जंतूंचे आवरण मेणासारखे असल्याने रंग आत सहज शिरत नाही. मात्र एकदा शिरलेला रंग आम्लानेही निघत नाही. याच गुणधर्माचा उपयोग करून एर्लिख, झील व नीलसन यांच्या प्रयत्नांतून निळ्या पार्श्वभूमीवर लाल जंतू दाखविणारी पद्धत रूढ झाली. पुढे पाचच वर्षांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. जंतू दिसू लागला होता, परंतु स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधास १९४३ साल उजाडावे लागले.

ऑरामिनची निर्मिती १८८३ मधील, कारो व केर्न यांची. ते मुळात कापड व कागद रंगविण्याचे द्रव्य. (खाद्यपदार्थांत त्यास बंदी असूनही भेसळीत ते आजही आढळते.) काही द्रव्ये निळा वा जांभळा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात, त्यांना फ्लुरोसंट म्हणतात. १९३७ च्या सुमारास जर्मनीत हागेमान यांनी ऑरामिनने क्षयजंतू रंगविले, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर ते पिवळसर हिरवे चमकताना दिसले. लाल जंतू शोधण्यास हजारपट वर्धन व तेलभिंग लागते. चमकणारे जंतू दोनशे ते चारशेपट वर्धनातही दिसतात. त्यामुळे एका दृष्टिक्षेपात काचपट्टीचा बराच मोठा भाग तपासता येतो व वेळ वाचतो.

असे असूनही ही पद्धत दीर्घकाळ मोठ्या शहरांतच राहिली. यास रंजक नव्हे, दिवा कारणीभूत होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जंतू चमकविण्यासाठी पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा लागे. तो महाग, तापणारा आणि साधारण दोनशे तासांत निकामी होणारा. शिवाय अंधारी खोली व अखंड वीज आवश्यक. भारनियमन सोसणाऱ्या विदर्भातील तालुक्यास हे परवडणारे नव्हते. १९९७ पासून राबविलेल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाने एक लाख लोकसंख्येमागे, आणि आदिवासी व डोंगराळ भागात पन्नास हजारांमागे, एक सूक्ष्मदर्शक केंद्र असा निकष ठेवला. परंतु तेथील तपासणी प्रामुख्याने लाल रंगाचीच होती.

एलईडी दिव्याने हे चित्र पालटले. हजारो तास टिकणारा आणि बॅटरीवर चालणारा हा दिवा साध्या सूक्ष्मदर्शकासही जोडता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याची शिफारस केली. भारतात तो प्रथम वैद्यकीय महाविद्यालयांत व नंतर इतरत्र आला. म्हणजे १८८३ चे रंजक आणि १९३७ ची पद्धत यांना योग्य दिव्यासाठी पाऊणशे वर्षे थांबावे लागले. मात्र ऑरामिनची चमक काही काळाने मावळते. काचपट्ट्या अंधारात ठेवून लवकर वाचाव्या लागतात, आणि फेरतपासणीसाठी जपून ठेवण्यास जुनी लाल पट्टीच सोयीची ठरते.

गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र जंतूंचा डीएनए शोधते. त्यातही खूण पटविणारा रेणू फ्लुरोसंटच असतो. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा हजार जंतू असल्याखेरीज सूक्ष्मदर्शकास ते सहसा सापडत नाहीत. यंत्रास त्याहून पुष्कळ कमी पुरतात. तथापि मृत जंतूंचा डीएनएही त्यास सापडत असल्याने, औषध चालू असलेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी काचपट्टी रंगविण्याचे काम अद्याप संपलेले नाही.