आणेवारी ते उपग्रह : पीक पाहणाऱ्या डोळ्याचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने साखऱ्यात येऊन उपग्रहावर काय बोलायचं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रश्न आमच्याच घरातला आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. न्यायदर्शन त्याला अनुमान म्हणतं. उपग्रहाचंही तसंच. त्याला सोयाबीनचा दाणा दिसत नाही, पान दिसतं. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या फरकावरून पिकाची तब्येत ठरते, आणि तब्येतीवरून उतारा. म्हणजे अनुमानावर अनुमान.

सरकारने पिकाचा अंदाज घेणं मात्र फार जुनं. आणेवारी हा शब्द इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. सोळा आणे म्हणजे उत्तम पीक. यंदा किती आणे, हे अधिकारी नजरेने ठरवायचा. या नजरेवरून केवढं रामायण घडलं बघा. १९१८ साली गुजरातेत, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, खेड्याचा सत्याग्रह झाला. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारावसुली तहकूब, असा नियम होता. शेतकरी म्हणत चारच्या आत, अधिकारी म्हणत वर. गांधीजींनी गावोगाव पिकाची चौकशी करवली. एका आण्यावर घरातली भांडी जप्तीत जायची की राहायची, हे ठरत होतं. पुढे आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नासच्या आत की बाहेर, हा वाद तुम्ही दर हंगामात ऐकताच.

नजरेवर भरवसा नको म्हणून मग कापणी आली. १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या अधिकाऱ्याने भातासाठी हा प्रयोग केला. मुद्दा असा, की शेत कोणी निवडायचं? पाटलाने नाही, साहेबाने नाही. चिठ्ठी निघेल ते शेत. प्रामाणिकपणासाठी माणसाची निवडच काढून टाकायची, ही कल्पना मला अजूनही थोर वाटते. बंगालमध्ये महालनोबिस यांनी तागासाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. आणि त्यांच्याशी वाद घातला तो आपल्या पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा हा माणूस, फर्ग्युसनचा विद्यार्थी. महालनोबिस लहान तुकडे कापा म्हणत, म्हणजे कमी खर्चात जास्त शेतं होतात. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा लहान असला की कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. कडेच्या चार रोपांवरून दोन मोठी माणसं भांडली! मला ते भांडण मोलाचं वाटतं, कारण चूक कुठून शिरते हे ते दोघेही उघडपणे मांडत होते.

उपग्रहाचा डोळा उघडला तो धान्यबाजारामुळे. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेचा प्रचंड गहू खरेदी केला. तिकडचं पीक किती बुडालंय याचा अंदाज अमेरिकेला वेळेवर आला नव्हता. १९७४ पासून नासा आणि त्यांच्या शेती खात्याने आकाशातून गहू मोजायला घेतला. आपल्याकडे त्याआधीच पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या मुळकुजीची अवरक्त छायाचित्रं घेतली होती. १७ मार्च १९८८ ला आपला आयआरएस-१ए गेला. त्याचा एक ठिपका साधारण साडेबहात्तर मीटरचा, म्हणजे बावन्न गुंठे. त्यात एखाद्याचं अख्खं रान मावायचं. आज युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका दहा मीटरचा. हिशोब करा : शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा.

पण खरिपात ढग असतात, आणि ढगातून हा डोळा पाहू शकत नाही. रडार पाहतं, पण त्याला पानाचा रंग कळत नाही. सोयाबीनमध्ये तुरीचं तास असलं की एका ठिपक्यात दोन पिकं येतात. शेंगा न धरलेलं हिरवंगार सोयाबीन त्याला तब्येतीचं वाटू शकतं. कापून ठेवलेली गंजी पावसात भिजून कोंब आले, तर आकाशातून ते रान फक्त काढणी झालेलं दिसतं.

आणि हा आकडा आता नुसता माहितीचा राहिलेला नाही. पीकविम्यात २०२३ च्या खरिपापासून भात-गव्हाच्या उत्पादनात तंत्रज्ञानाच्या अंदाजाला तीस टक्के वजन मिळालं. पुढे सोयाबीनही त्यात आलं. शिवाय २०२५ पासून राज्याने स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान या वेगळ्या भरपाया वगळल्या. राहिलं ते फक्त उत्पादन. तेही मंडळाचं. साखरा हे महसूल मंडळ आहे. त्यातली काळी आणि माळावरची मुरमाड, दोन्ही एकाच सरासरीत. डोळा गुंठ्यापर्यंत खाली आला, निवाडा मात्र मंडळातच राहिला. पैसेवारीत निदान गाव हा घटक होता.

कापणी प्रयोगाला तुम्ही बांधावर उभे राहू शकता, वजनकाटा पाहू शकता. संगणकातल्या गणिताजवळ उभं राहायची सोय नाही. म्हणून माझं मागणं साधं आहे : दोन्ही आकडे एकत्र करण्याआधी, कापणीचा एक आणि उपग्रहाचा एक, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. तफावत दिसली की कोणत्या शिवारात जाऊन पाहायचं, हे गावातलं कुणीही सांगेल.