थट्टेचा विषय झालेला डगला

आपल्या शिंपी समाजात सुई, कात्री व मापाची पट्टी यांची ओळख मुलांना बहुधा अक्षरओळखीच्याही आधी होते. त्यामुळे एखाद्या वस्त्राचा इतिहास सांगताना टाका म्हणजे काय आणि अस्तर कशासाठी, हे या स्मरणिकेच्या वाचकांस समजावून देण्याचे कारण पडत नाही. ज्या वस्त्राविषयी येथे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे ते आपल्याकडील दुकानांत शिवले गेले नाही. १९२२ साली एव्हरेस्टच्या मोहिमेवर निघालेल्या एका रसायनशास्त्रज्ञाने ते स्वतःच्या कल्पनेने योजून तयार करविले होते.

जॉर्ज इंगल फिंच हे त्यांचे नाव. जन्म १८८८ साली ऑस्ट्रेलियात, शिक्षण झ्युरिक येथे, आणि गिर्यारोहणाचे धडे आल्प्स पर्वतात. त्या काळी इंग्रज गिर्यारोहक हिमालयात जाताना जे कपडे नेत, ते इंग्लंडच्या डोंगराळ भागात शिकारीस जावे तशा थाटाचे असत: रेशमी व लोकरी सदरे, स्वेटर, त्यावर ट्वीडचा कोट, आणि वारा अडविण्यासाठी गॅबर्डिनचे वरचे वस्त्र. फिंच यांनी निराळा विचार केला. हवाई फुग्यासाठी वापरीत ते घट्ट विणीचे कापड त्यांनी घेतले आणि त्यात आयडर बदकाची मऊ पिसे भरून, टाके घालून जाड डगला बनविला.

यातील मर्म आपल्या गृहिणींस क्षणात कळेल. ऊब कापसात किंवा पिसांत नसते. ती त्यांच्यामध्ये कोंडून राहिलेल्या स्थिर हवेत असते. थंडीच्या आरंभी दुलईतील कापूस पिंजून घेतात तो एवढ्याचसाठी. परंतु नुसती पिसे भरून भागत नाही. ती घसरून खाली गोळा होतात आणि खांदे उघडे पडतात. म्हणून ठरावीक अंतरावर टाके घालून कप्पे करावे लागतात. आता हाच टाका दोन्ही कापडांतून आरपार गेला की त्या रेषेवर पिसांचा थर उरत नाही व तेथून थंडी शिरते. यावर पुढील काळात निघालेला उपाय असा की, आतल्या व बाहेरल्या कापडामध्ये पातळ कापडाच्या उभ्या पट्ट्या शिवून पेटीसारखे कप्पे करावयाचे. सुई मात्र बारीक हवी, नाहीतर प्रत्येक छिद्रातून पिसे डोकावू लागतात. शिवाय माप घ्यावयाचे ते आतले सर्व लोकरी कपडे अंगावर असताना. मुंढा चुकला तर हात वर करताच संपूर्ण डगला कमरेवरून वर चढतो, आणि पर्वतावर हात तर सतत वरच करावे लागतात!

फिंच यांच्या डगल्याला सोबत्यांनी हसून घेतले. परंतु तिबेटच्या पठारावरील वारे अंगाला झोंबू लागल्यावर हे हसणे थांबले व सर्वांना त्या डगल्याचा हेवा वाटू लागला, अशी नोंद फिंच यांनी आपल्या रोजनिशीत केलेली आहे. पुढे सुमारे २५,५०० फुटांवर तुफानी वाऱ्यात त्यांनी व जेफ्री ब्रूस यांनी तंबूत दोन रात्री काढल्या आणि २७ मे १९२२ रोजी प्राणवायूच्या साहाय्याने ते सुमारे २७,३०० फुटांपर्यंत चढले. तोपर्यंत इतक्या उंचीवर कोणीही पोहोचले नव्हते.

इतके होऊनही १९२४ च्या मोहिमेत फिंच यांना घेतले नाही. व्याख्यानांच्या उत्पन्नावरून समितीशी झालेला वाद हे एक कारण होतेच. तथापि आम्हांस दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. फिंच आपले बूट आपल्याच हातांनी दुरुस्त करीत असल्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. ते पाहून मोहिमेचे उपनेते कर्नल स्ट्रट यांनी त्यांच्याविषयी अत्यंत तुच्छतेचे उद्गार काढले. हाताने काम करणारा मनुष्य सभ्य गृहस्थांच्या पंक्तीस कसा बसणार, हा त्यामागील भाव. असा भाव आपल्या वाडवडिलांनीही पुष्कळ अनुभवला आहे. तो साता समुद्रांपलीकडेही तितकाच नांदत होता, एवढेच येथे नमूद करतो.

न्यायाने सांगावयाचे तर जुन्या पद्धतीचे कपडेही टाकाऊ नव्हते. १९२४ साली नाहीसे झालेल्या मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला. त्यावरील वस्त्रांच्या अवशेषांवरून हुबेहूब कपडे शिवून २००६ साली एव्हरेस्टच्या पायथ्याशी ते घालून पाहिले गेले, तेव्हा ते हलके व हालचालीस सोयीचे ठरले. मुक्कामाच्या थंडीत मात्र पिसांची सर त्यांना नाही.

अमेरिकेत एडी बॉअर यांनी पिसांचे जाकीट १९३६ साली विक्रीस आणले व १९४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. फिंच यांचा डगला त्याहून चौदा वर्षांनी जुना. पुढे १९६६ साली कोलोरॅडोत फ्रॉस्टलाइन नावाची कंपनी निघाली. तिने बेतलेले कापड आणि मोजून बांधलेली पिसांची पुडकी घरोघर पाठविली. ज्याने त्याने आपल्या यंत्रावर आपले जाकीट शिवावे, ही योजना. बेतण्याचे कसब कारखान्याकडे गेले खरे, पण शिवण घरात राहिली.

आणि फिंच? १९५२ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग व हिलरी पिसांचे कपडे घालून आणि पाठीवर प्राणवायूची नळकांडी घेऊन शिखरावर उभे राहिले. ज्या दोन गोष्टींसाठी एकेकाळी फिंच यांची थट्टा झाली, त्या नेमक्या याच. १९५७ पर्यंत पाषाणच्या रस्त्याने त्यांची ये-जा होती. पुण्याच्या थंडीत असल्या डगल्याचे काम पडले नसणार, हे उघडच आहे.