झाकण मिटलं, तरी जागा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आंधळगावच्या आमच्या घरात पडवीला काकांचा खड्डामाग आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं हे गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी हे इकडचं वैभव. खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस आणि धोट्याची ‘खटक खट’ हे पाहत-ऐकत आमच्या घरातली पोरं मोठी झाली. मीही त्यातलाच. पण मी मागावर बसलो नाही. काही वर्षं संगणक-टंकलेखनाचे वर्ग चालवले. ते बंद पडले तेव्हा उरल्यासुरल्या सामानातला एक सतरा इंची मॉनिटर घरी आणून माळ्यावर टाकला. त्या मॉनिटरचा आणि काकांच्या मागाचा काही संबंध येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो आला २०२० साली.

त्या वर्षी मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या चार दिवसांसाठी म्हणून आला होता, तो अडकला. सोबत लॅपटॉप होता, म्हणून नोकरी वाचली. पडवीलगतच्या खोलीत एक बुटकं टेबल टाकून त्यानं कामाला सुरुवात केली. दिवसाचे नऊ-दहा तास त्या चिमुकल्या पडद्यावर वाकून. तिसऱ्या आठवड्यात त्याची मान अशी धरली, की हाक मारली तर अख्खं धड वळवून ‘ओ’ देऊ लागला.

काका मागावरून हे रोज पाहत होते. एक दिवस म्हणाले, “डोरे बी खाली, हात बी खाली, मान मोडन नाही तं काय होईल?”

म्हातारा मर्मावर बोट ठेवून गेला. मागावर बसणाऱ्याची नजर कापडाच्या कडेवर, हात धोट्याकडे, पाय खड्ड्यात. प्रत्येक अवयवाला त्याची त्याची जागा आहे. विणकऱ्याच्या पाठीला आणि डोळ्यांना त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही, तो किती होतो हे मी घरातच पाहिलं आहे. पण खड्डा खणणाऱ्यानं निदान शरीराचा विचार केला होता. टाइपरायटरवरही कागद वर आणि हात खाली. लॅपटॉपनं मात्र डोळे आणि हात एकाच बिजागरीला बांधून टाकले. पडदा नजरेसमोर आणावा तर कळफलक छातीशी येतो. कळफलक नीट ठेवावा तर पडदा पोटाशी जातो.

मग माळ्यावरचा मॉनिटर उतरवला. जुना कळफलक आणि माऊस सापडला. मॉनिटरची तार पंधरा टाचण्यांची, म्हणजे आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए पद्धतीची. पुतण्याच्या लॅपटॉपला तसं भोकच नाही. मधला जोड मिळवायला त्या दिवसांत दोन आठवडे लागले. शेवटी चित्र उमटलं. मॉनिटर दोन विटांवर ठेवून नजरेच्या उंचीला आणला. टेबलावर आता जागा उरली नव्हती, म्हणून पुतण्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं, बाजूला सरकवायला. त्याबरोबर मॉनिटरही काळा!

काका हसून म्हणाले, “झोपला वाटते तुजा डब्बा.”

झाकण मिटलं की झोपायचं, हे या यंत्राला शिकवलं कोणी? आणि झाकण मिटूनही जागं राहायचं हे कोणी शिकवलं? त्या दिवसापासून मी हा शोध घेत बसलो. आजचं बोलणं त्याबद्दलच.

मिटवून नेता येणारं यंत्र ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी स्वतः चरख्यावर प्रयोग केले आणि त्यातून पेटीत मावणारा चरखा पुढे आला. लोक त्याला येरवडा चरखा म्हणू लागले. पेटी उघडा, चाती लावा, कातायला बसा. झालं, की मिटवा आणि काखेत मारा. या पेटीचं झाकण हे फक्त झाकण होतं. त्याखाली चाकं सुरक्षित राहावीत एवढंच त्याचं काम.

संगणकाच्या बाबतीत घोटाळा झाला तो इथंच. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘ऑस्बर्न १’ नावाचा नेता येण्याजोगा संगणक आला. वजन सुमारे अकरा किलो, आकार पेटीतल्या शिवणयंत्राएवढा, पडदा जेमतेम पाच इंची. त्याच्या पेटीचं झाकण म्हणजे त्याचा कळफलक होता. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, ‘ग्रिड कंपास’ आला. त्याची घडण बिल मॉग्रिज या इंग्रज अभिकल्पकाची. त्यानं पडद्यालाच झाकण केलं. पडदा बिजागरीवर फिरून कळफलकावर मिटायचा, शिंपला मिटावा तसा. मॅग्नेशियमचं कवच आणि किंमत आठ हजार डॉलरच्या वर. तो घेणार कोण? अमेरिकेची अंतराळ संस्था नासा त्याच्या गिऱ्हाइकांत होती आणि अंतराळयानातूनही तो गेला. आज आपल्या मांडीवर असतो तो प्रत्येक लॅपटॉप त्याच शिंपल्याचा वंशज.

ही मांडणी इतकी देखणी, की तिच्यातली अडचण बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आली नसावी. झाकण आणि पडदा एक झाले, म्हणजे झाकण मिटलं की डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे झोप, असा यंत्रानं अर्थ लावला तर त्याची काय चूक? बॅटरी वाचवायची तर तोच अर्थ शहाणपणाचा होता.

पण माणसाला फिरतीवर लॅपटॉप हवा होता आणि परत आल्यावर टेबलावर मोठा पडदाही. दोन संगणक घ्यायची ऐपत कंपन्यांचीही नव्हती. म्हणून १९९० मध्ये कॉम्पॅकनं आपल्या एलटीई मालिकेतल्या एका लॅपटॉपसाठी टेबलावर ठेवायचा जोडतळ काढला. जहाज धक्क्याला लागावं तसा लॅपटॉप त्याला लावायचा. ‘डॉक’ हा शब्द गोदीतूनच आला आहे.

या साऱ्या खटाटोपातलं माझं आवडतं यंत्र म्हणजे ॲपलचा ‘पॉवरबुक ड्युओ’. ऑक्टोबर १९९२ मधला. लॅपटॉप हलका, दोन किलोच्या आतला. फ्लॉपीची खाच वगैरे सगळं काढून टाकलेलं. त्याच्याबरोबर मिळायचा ‘ड्युओ डॉक’ हा एक मोठा चपटा खोका. व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवतात तसा मिटलेला लॅपटॉप त्याच्या पुढच्या फटीत सरकवायचा. आतली मोटर तो गिळून टाकायची. खोक्याच्या डोक्यावर मॉनिटर, पुढ्यात कळफलक, आणि पोटात लॅपटॉप झाकण मिटून काम करतोय! उघडायची सोयच नाही. झाकण मिटलेलं असणं हीच कामाची अट, असं हे यंत्र होतं. आणि गंमत पाहा, १९९३ मध्ये रंगीत पडद्याचा ड्युओ निघाला तो केसभर जाड, जुन्या खोक्यात मावेना. मग खोक्याचंच वरचं झाकण बदलावं लागलं. १९९७ पर्यंत ही मालिका संपली. मला स्वतःला ती संपल्याचं वाईट वाटतं, पण प्रत्येक नव्या लॅपटॉपला नवा खोका घ्यायला लावणारा व्यवहार किती दिवस चालणार?

आता या झोपेकडे येऊ. झाकण मिटल्याचं लॅपटॉपला कळतं कसं? झाकणाच्या कडेला एक इवलं चुंबक असतं आणि त्याच्यासमोर खालच्या भागात ते ओळखणारा सुटा. काही यंत्रांत तो रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या नळीतल्या दोन पात्या, चुंबक जवळ आलं की चिकटणाऱ्या. हल्ली बहुधा हॉल संवेदक असतो. विद्युतप्रवाहावर चुंबकाचा जो परिणाम एडविन हॉल या संशोधकानं १८७९ मध्ये नोंदवला, त्यावर तो चालतो. हे चुंबकाचं प्रकरण आमच्याकडे अनुभवानं कळलं. पुतण्यानं चुंबकाच्या खटक्याचं मोबाईल-कव्हर कळफलकाच्या कडेवर ठेवलं आणि उघडा लॅपटॉप डोळ्यांदेखत झोपी गेला. सगळे चकित. कव्हर उचललं, पुन्हा जागा.

म्हणजे सुटा फक्त सांगतो, ‘झाकण मिटलं’. मग काय करायचं हे ठरवणार कोण? १९९२ च्या सुमाराची जुनी व्यवस्था बरीचशी यंत्रातच कोरलेली असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाची नियमावली काढली. तिच्यात झाकणाला वेगळं उपकरण मानलं आहे. झाकणानं फक्त उघडं की बंद एवढंच कळवायचं, निर्णय वरच्या प्रणालीचा. आणि प्रणालीनं तो अखेर आपल्या हातात दिला. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा, झाकण मिटल्यावर काय करायचं असा प्रश्न असतो. उत्तरांत झोप, बंद आणि ‘काहीच करू नका’. ॲपलनं मॅकबुकसाठी वेगळी रीत ठेवली. वीज जोडलेली, बाहेरचा मॉनिटर आणि बाहेरचा कळफलक लावलेला दिसला, की झाकण मिटूनही तो आपण होऊन जागा राहतो.

आम्ही ‘काहीच करू नका’ निवडलं आणि विजयी मुद्रेनं झाकण मिटलं. मॉनिटर लखलखीत. काका मागावरून उतरून पाहायला आले. “झाकन बंद, अना काम चालूच?” असं म्हणून त्यांनी मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला, ताप पाहावा तसा. “गरम हाये,” म्हणाले.

खेड्यात ही गोष्ट इथं संपत नाही, कारण खेड्यात वीज जाते. त्या प्रश्नाला उत्तराचे दोन रकाने असतात, एक वीज जोडलेली असतानाचा आणि दुसरा बॅटरीवरचा. आम्ही एकच बदलला होता. दोन दिवसांनी ऐन बैठकीत पुतण्या साहेबांना हिशेब समजावत असताना वीज गेली. मॉनिटर गेला हे ठीक, पण लॅपटॉपनं पाहिलं, झाकण मिटलेलं आणि आपण बॅटरीवर. तोही झोपला. साहेबांना वाटलं, पोरगा उठून गेला. नोकरकपातीचे दिवस होते ते. त्या संध्याकाळी घरात कोणी नीट जेवलं नाही. चूक सर्वस्वी आमची, मुख्यतः माझी. संगणकाचे वर्ग चालवलेला माणूस मी!

दुसरा रकाना बदलल्यावर मात्र हीच रचना भारनियमनाला पुरून उरली. टेबलावरचा साधा संगणक वीज गेली की जागीच मरतो. इथं मॉनिटर विझला की पुतण्या झाकण उघडायचा, मोबाईलचं इंटरनेट जोडायचा आणि बोलणं पुढे चालू. लॅपटॉपची बॅटरी हाच आमचा इन्व्हर्टर झाला.

पण दुसरा रकाना बदलल्याचीही किंमत मोजावी लागली. एकदा मोहाडीला जायचं म्हणून त्यानं सवयीनं लॅपटॉपच्या तारा काढल्या आणि मिटलेला लॅपटॉप पिशवीत टाकला. तो झोपला नव्हताच. तासाभरानं पिशवी उघडली तर आत तव्यासारखा तापलेला, पंखा घुरघुरतोय. तेव्हापासून तारा काढण्याआधी हातानं झोपवायचा, असा नियम केला. मे महिन्यात तर मिटलेला लॅपटॉप आडवा न ठेवता पुस्तकासारखा उभा ठेवू लागलो. मिटलेल्या झाकणाखाली उष्णता कोंडते, आणि आमच्या उन्हाळ्यात बॅटरीची आधीच कसोटी असते. सतत भरलेली आणि सतत तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. पुष्कळ लॅपटॉपांत ती ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती जरूर वापरावी.

२०१४ मध्ये टाइप-सी नावाची छोटी जोडणी ठरली. वीज, चित्र आणि बाकीची माहिती एकाच तारेतून नेणं तिच्यामुळे शक्य झालं. आता मुठीएवढ्या डबीला लोक डॉक म्हणतात. ड्युओ डॉकच्या त्या गिळणाऱ्या खोक्याचं काम ही डबी करते, आणि कंपनी कोणतीही असली तरी बहुधा चालते. पुतण्यानं पुण्याला परत गेल्यावर ती घेतली. त्याची मान सरळ झाली आहे.

जाताना तो आपला आधीचा, पडदा तडकलेला लॅपटॉप आमच्याकडे ठेवून गेला. दुरुस्तीवाल्यानं सांगितलेली पडद्याची किंमत त्या लॅपटॉपहून जास्त होती. तो आता कायमचा मिटलेला असतो, माळ्यावरच्या त्याच मॉनिटरला जोडलेला, विटाही त्याच. शेजारची एक मुलगी त्याच्यावर काकांच्या आणि आणखी दोन घरांच्या साड्यांचा हिशेब ठेवते. कोणाला किती कोसा दिला, कोणाची मजुरी बाकी. पूर्वी हे सगळं काकांच्या डोक्यात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचं, आणि त्यावरून भांडणं व्हायची.

याला उघडूनही उपयोग नाही. म्हणून वीज गेली, की ती पोर अंधारात चाचपडत कळफलकावरची ‘सेव्ह’ची दोन बटणं दाबते आणि हात मांडीवर घेऊन बसून राहते.

“झोपला का गं?” काका मागावरून विचारतात.

“नाही आबाजी, जागा आहे. दिसत नाही फक्त.”

काका धोटा टाकतात. त्यांच्या मागाला वीज लागत नाही.